पाय टेकण्याआधी

जपानातल्या उरायासु शहरात मे महिन्यात पहाटे साडेचारलाच उजाडतं. साताऱ्याच्या घड्याळाला सरावलेल्या माणसाला वाटतं, उशीर झाला, आणि तो ताडकन उठतो. मुलीकडे येऊन माझा चौथाच दिवस होता. गादी जमिनीवर अंथरलेली, म्हणजे उठायचं ते अगदी तळापासून. उठले, पडदा सारायला दोन पावलं टाकली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भर उन्हातून माजघरात शिरल्यावर येते ना, तशी. कडांकडून आत सरकत येणारी. कानात बारीक शीळ. हात भिंतीला लागला म्हणून निभावलं. सात-आठ सेकंद गेले असतील. मग खिडकी जागेवर आली, समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या जागेवर आल्या, आणि मीही आले.

दारात नात उभी होती. आठ वर्षांची, इथल्याच शाळेत जाणारी. म्हणाली, "आजी, ताचिकुरामी झालं का गं?"

मला शब्द कळला नाही. तिनं बाईंच्या थाटात फोड करून सांगितली. 'ताचि' म्हणजे उभं राहणं, 'कुरामु' म्हणजे डोळ्यांपुढे अंधारणं. उभं राहताना येणारी अंधारी, एका शब्दात. शाळेतली पोरंसुद्धा हा शब्द सहज वापरतात म्हणे. आपल्याकडे भोवळ आहे, घेरी आहे, चक्कर आहे, तिरमिरी आहे. पण नेमकं उभं राहण्याच्या क्षणी येणाऱ्या अंधारीला वेगळं नाव नाही. मग आपण ती कुणाला सांगतही नाही. "जरा असं झालं," एवढंच पुटपुटतो आणि चहाचं आधण ठेवायला निघतो.

मीही तशीच निघाले होते. नातीनं मात्र हात धरून खाली बसवलं.

शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे त्या सात-आठ सेकंदांत आत काय झालं याचा विचार सुटेना. फळ्यावर काढायचं असतं, तर मी शेत काढलं असतं. आडवं पडलेलं शरीर म्हणजे सपाट वाफा. पाणी सगळीकडे सारखं पसरलेलं. उभं राहिलं की त्याच वाफ्याची विहीर होते. साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त खाली उतरतं आणि पायांच्या, पोटाच्या शिरांत साचतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं, की त्याच्याकडून पुढे जाणारंही कमी होतं. आणि मेंदूचं शेत तर सगळ्यांत उंचावर. तिथवर पाणी पोचवण्याची जबाबदारी एका पाटकऱ्यावर असते. मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाबाचा ताण ओळखणाऱ्या चेता असतात. दाब उतरला की त्या मेंदूच्या बुडाशी वर्दी देतात आणि तिथून हुकूम सुटतो: हृदयानं वेग वाढवावा, पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्यांनी आवळून घ्यावं. तरुणपणी हे इतक्या चपळाईनं होतं, की पाणी मध्ये उतरलं होतं हे मालकाच्या गावीही नसतं.

पुढे हा पाटकरीही म्हातारा होतो. वर्दी उशिरा पोचते. धमन्या ताठर झालेल्या, हृदय पूर्वीसारखं चटकन धावत नाही, पोटऱ्या सैलावलेल्या. डॉक्टरांनी याचं माप ठरवून ठेवलं आहे. उभं राहिल्यापासून ३ मिनिटांच्या आत रक्तदाबाचा वरचा आकडा २०नं किंवा खालचा १०नं उतरला आणि उतरलेलाच राहिला, तर तो दोष मानायचा. आपापल्या घरी राहणाऱ्या, हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांपैकी साधारण पाचातल्या एकाला तो सापडतो. त्यांतल्या पुष्कळांना तर काही जाणवतही नाही. ना अंधारी, ना शीळ. नुसता तोल जातो. घरातले म्हणतात, "सतरंजीत पाय अडकला असेल."

याच्या जोडीला आणखी एक प्रकार आहे. उठल्यावर पहिल्या पंधरा सेकंदांतच दाब धाडकन खाली येतो आणि लगेच सावरतो. माझं बहुधा हेच झालं. हा प्रकार रक्तदाबाच्या साध्या यंत्रात सापडत नाही, कारण यंत्राचा पट्टा फुगेपर्यंत पाटकरी कामावर हजर झालेला असतो.

आणि हे बहुतेक सकाळी का होतं? उतारवयात रात्री आडवं असताना मूत्रपिंडं बऱ्याचदा जास्त काम करतात. दोन-तीनदा उठणं होतं, पाणी निघून जातं, भरपाई होत नाही. पहाटे अंगातली विहीर आधीच खाली गेलेली असते. अशा वेळी आपण उजाडलं म्हणून ताडकन उठतो.

मला शाळेची प्रार्थना आठवली. दर वर्षी जूनमध्ये रांगेतलं एखादं पोर कोसळायचंच. आम्ही म्हणायचो, सकाळी खाऊन आलं नसेल. तेही असायचं. पण आम्ही त्यांना 'सावधान'मध्ये खिळवून ठेवलेलं असायचं, हे आमच्या ध्यानात येत नसे. चालताना पोटरीचा स्नायू दर पावलाला शिरा पिळतो आणि रक्त वर ढकलतो. शिरांतल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. हलायचंच नाही म्हटलं, की हा पंप बंद. इथे जपानात पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात, ते याच कारणानं. विटेवर युगानुयुगं निश्चल उभं राहणं पंढरीच्या विठोबाला शोभतं. आपण उभ्या-उभ्या पाय हलवत राहावं हे बरं. पडलेल्या पोराला आम्ही आडवं निजवायचो, पाय दप्तरावर ठेवायचो. दोन मिनिटांत ते डोळे उघडायचं. तेवढ्यात कुणीतरी कांदा फोडून हुंगवलेला असायचा आणि सगळं श्रेय कांद्याला जायचं.

एका रविवारी जावयांनी आम्हाला ताकासु भागातल्या एका बागेत नेलं. तिथे जमिनीतून वर आलेलं एक मॅनहोल मुद्दाम तसंच राखून ठेवलं आहे. भोवती गवत, मुलं खेळताहेत, आणि मध्येच हा भुईफोड सिमेंटचा खांब. मुळात तो जमिनीच्या आतच होता. ११ मार्च २०११च्या दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी उत्तरेकडच्या तोहोकु किनाऱ्यापुढच्या समुद्रात मोठा भूकंप झाला. उरायासु तिथून शेकडो किलोमीटर दूर. त्सुनामीनं इथे उत्तरेसारखा संहार केला नाही, इमारती कोसळल्या नाहीत. इथे जमिनीनंच उभं राहणं सोडलं.

हे समजायला या गावाची जन्मकथा ठाऊक हवी. उरायासु हे मूळचं कोळ्यांचं गाव. १८८९ मध्ये होरिए, नेकोझाने आणि तोदाईजिमा ही तीन गावं एक झाली आणि हे नाव पडलं; 'उरा' म्हणजे खाडी, 'यासु' म्हणजे शांत. शिंपल्या, समुद्री शेवाळ, मासळी यांवर गाव जगायचं. नेकोझाने या नावामागेही एक कथा सांगतात. लाटेनं उद्ध्वस्त झालेल्या लोकांनी बांध घातला, त्यावर पाईन लावले आणि लाटांनी या झाडांच्या मुळांपलीकडे येऊ नये अशी इच्छा केली. तीच इच्छा गावाचं नाव झाली. १९६०च्या दशकात समुद्रात भराव टाकायला सुरुवात झाली. १९७१ मध्ये कोळ्यांनी मासेमारीचे हक्क पुरते सोडून दिले. समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यापुढे पसरली गेली आणि गावाचं क्षेत्र चौपट झालं. आज शहराची जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन ही अशी केलेली जमीन आहे. १९८३ मध्ये उघडलेलं तोक्यो डिस्नेलँड याच जमिनीवर उभं आहे, आणि मुलीची इमारतही.

सुट्या वाळूचा कण कणावर टेकलेला असतो, मधल्या फटींत पाणी. जोवर कण कणाला धरून आहे, तोवर जमीन घर पेलते. जोराचे हादरे बसले की कणांची पकड सुटते, सगळा भार मधल्या पाण्यावर येतो, आणि पाणी कुणाचाच भार पेलत नाही. जमीन काही मिनिटं पातळ होते. त्या दिवशी रस्त्यांतून चिखल उसळला, जड घरं एका अंगाला खचली, आतून पोकळ असलेली मॅनहोलं तरंगून वर आली. सांडपाण्याच्या नळ्या तुटल्या; कित्येक घरांत न्हाणीघर आणि संडास वापरता येईनात. 'पायाखालची वाळू सरकणे' हा वाक्प्रचार मी मुलांना वाक्यात उपयोग करायला कितीदा दिला असेल. त्याचा शब्दशः उपयोग झालेलं गाव पहिल्यांदाच पाहिलं.

जुन्या गावाच्या मूळ जमिनीला त्या दिवशी फारसं काही झालं नाही. पण मला महत्त्वाची वाटली ती जावयांनी सांगितलेली दुसरी गोष्ट. डिस्नेलँडही भरावावरच, वाहनतळावर चिखल उसळला, पण मुख्य बाग बरीचशी शाबूत राहिली. बांधतानाच तिथल्या जमिनीत वाळूचे खांब ठोकून ती घट्ट केलेली होती. म्हणजे वाळू तीच, समुद्र तोच, हादरा तोच. फरक पडला तो आधी केलेल्या ठोकाठोकीनं. ऐकताना माझा हात नकळत स्वतःच्या पोटरीवर गेला. साठीनंतर तीही भराव टाकलेल्या जमिनीसारखी सुटी-सुटी झाली आहे. ठोकून घट्ट करायची तर आजच करावी लागेल.

त्या भूकंपानं आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती तोलाची आहे. घर मोडलेलं नाही, भिंतीला तडा नाही, पण अख्खं घर जरासं कललेलं. अशी पुष्कळ घरं इथे झाली. त्यांत राहणाऱ्यांना भोवळ यायची, मळमळायचं, डोकं दुखायचं, झोप लागायची नाही. मे २०११ मध्ये सरकारला नुकसानीचे निकषच बदलावे लागले. १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर एवढा कल असला, तरी घर अर्धं निकामी धरायचं ठरलं. एक सेंटिमीटर! गोटी घरंगळेल इतकाच. पण माणसाला तेवढ्यानं राहणं मुश्कील होतं.

कारण आपण ताठ उभे आहोत की नाही, हे मेंदू तीन साक्षीदारांना विचारून ठरवतो. डोळे, कानाच्या आतली द्रवानं भरलेली तोलाची रचना, आणि तळपाय-सांधे. कललेल्या घरात डोळे म्हणतात, भिंती तर सरळ आहेत. कान म्हणतो, नाही, आपण कललोय. साक्षी जुळेनात की घेरी येते. भूकंपानंतर कितीतरी दिवस जमीन स्थिर असतानाही लोकांना हलल्यासारखं वाटत राहिलं, त्यालाही जपानीत नाव आहे: 'जिशिन-योई', भूकंपाची झिंग. बोटीतून उतरल्यावर डुलतो तसंच.

म्हातारपणी हे तिन्ही साक्षीदार थकतात. मोतीबिंदूनं किंवा रात्रीच्या अंधारानं डोळे बाद, कानातल्या पेशी झिजलेल्या, आणि जुना मधुमेह असेल तर तळव्यांना फरशी नीट कळतच नाही. तीनातले दोन गैरहजर असतानाही माणूस उभा राहतो, चालतो, कारण मेंदू उरलेल्या एकावर भागवतो. पण त्याच क्षणी मेंदूचं पाणीही तुटलं, तर न्यायाधीशच डुलक्या घेऊ लागला म्हणायचं. नुसता दाब उतरल्यानं पडत नाही असा माणूस अंधारात पडतो, आणि नुसत्या अंधारानं न पडणारा दाब उतरल्यावर पडतो. पडण्याला सहसा एकच कारण नसतं.

आमच्या ह्यांचं मागच्या वर्षी असंच झालं होतं. रात्री दोनला मोरीपाशी पडले, भुवईवर चार टाके. त्या रात्री वीज गेली होती, म्हणून आम्ही सगळा दोष विजेवर ढकलून मोकळे झालो. नंतर एका डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं आडवं ठेवून दाब मोजला, मग उभं करून एका मिनिटानं आणि पुन्हा तीन मिनिटांनी मोजला. आडव्यात १५०, उभ्यात ११८. मग एकेक धागा उलगडला. लघवी मोकळी व्हावी म्हणून प्रोस्टेटची जी गोळी चालू होती, तिच्या जातीतल्या गोळ्या रक्तवाहिन्याही सैल सोडतात. शिवाय रात्री उभ्यानं लघवी करताना दाब आणखी उतरतो. त्यात अंधार. तीन कारणं एकमेकांचा हात धरून मोरीपर्यंत आली होती. डॉक्टरांनी गोळी बदलली, रात्री बसून लघवी करायला सांगितलं आणि वाटेत एक छोटा दिवा लावायला लावला. टाके मात्र विजेच्याच खात्यावर राहिले, अजून कुणी विचारलं की हे सांगतात, "लाईट गेली होती."

जुन्या एदो नदीपलीकडे निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे. किराण्याला आम्ही तिकडे जातो. तिथे आमच्यासारखेच मुलांकडे तीन महिन्यांसाठी आलेले आई-वडील भेटतात. गप्पा हवापाण्यावरून गोळ्यांवर यायला वेळ लागत नाही. कुणाची पाणी उतरवणारी गोळी, कुणाची झोपेची, कुणाची मन शांत राहण्याची, कुणाची कंपवाताची. यांतल्या कित्येक गोळ्या उभं राहतानाच्या दाबाला धक्का लावू शकतात. मात्र लगेच कुणीतरी म्हणतं, "मग बीपीची गोळी बंदच केलेली बरी." तसं करू नये. आडव्यात चढलेला आणि उभ्यात उतरलेला, असे दोन्ही दाब एकाच माणसात नांदतात, आणि मोकाट सोडलेला चढा दाब धमन्या आणखी ताठर करून पाटकऱ्याचं काम जास्तच अवघड करतो. गोळी कुठली, किती, कुठल्या वेळी, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आपण एवढंच करायचं, की "मला उभं करूनही मोजा," असं सांगायचं.

आणि सांगताना शब्द नेमका वापरायचा. जपानी माणूस भोवळीचं वर्णन करताना ध्वनीच वापरतो. खोली फिरत असेल तर 'गुरुगुरु', तरंगल्यासारखं वाटत असेल तर 'फुवाफुवा', उभं राहताना गेल्यासारखं वाटलं तर 'कुराकुरा'. आपली मराठी यात मुळीच मागे नाही. गरगरतं, हेलकावतं, अंधारतं; तिन्ही निराळी. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद छत गरगरत असेल, तर दुखणं बहुधा कानातलं. चालताना हेलकावे जात असतील, तर तळपाय किंवा मज्जासंस्था बघायला हवी. उठल्यावर अंधारत असेल तर रक्तदाब. दवाखान्यात मात्र आपण तिन्हींची मोट बांधून "चक्कर येते" म्हणतो आणि डॉक्टरांना अंदाज करायला लावतो.

इथे घरोघरी रक्तदाबाचं यंत्र आणि त्याच्यासोबत एक छोटी वही असते. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवी करून, न्याहारी आणि गोळी यांच्या आधी, बसून मोजायचं आणि लिहायचं. आपल्याकडच्या दूधवाल्याच्या वहीसारखीच. त्यात आठवड्यातून एकदा उभ्याचा आकडा लिहिला, तर डॉक्टरांचं अर्धं काम झालं. शेजारी कुणी उभं असावं मात्र.

आपल्या घरात धोक्याच्या जागा कुठल्या, त्याही माझ्या मी मोजल्या. एकादशी, तीही निर्जळी, आणि वर पाणी उतरवणारी गोळी. चतुर्थीचा उपास चंद्रोदयाला सोडून भरपेट जेवण. जेवणानंतर रक्त पोटाकडे धावतं आणि पुढचे तास-दोन तास दाब खाली असू शकतो, म्हणून लग्नाच्या पंगतीतून उठताना आजोबा डगमगतात. बंबाच्या कढत पाण्याची अंघोळ. पाटावर बसून तासभर पूजा आणि मग एकदम उभं राहून आरती. बसक्या संडासातून उठणं. उकिडव्यातून उभं राहताना तर दाब सगळ्यांत जोरात उतरतो. इथे जपानात टबातल्या गरम पाण्यात बुडून बसायची आवड, आणि हिवाळ्यात त्या टबापाशी कित्येक वृद्धांचे जीव जातात. म्हणून सरकारच सांगतं: पाणी ४१ अंशांच्या आत, बसणं १० मिनिटांच्या आत, आणि बाहेर येताना सावकाश उठा.

उपाय ऐकून कुणाचाही अपेक्षाभंग होईल, इतके साधे आहेत. उठण्याआधी पडल्या-पडल्या घोटे वीसेक वेळा वर-खाली. कुशीवर वळून उठून बसायचं. पाय खाली सोडून मिनिटभर थांबायचं, मुठी आवळायच्या-सोडायच्या. ग्लासभर पाणी तिथेच. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर पाण्याचं माप आधी डॉक्टरांना विचारून. मग आधार धरून उभं राहायचं आणि तिथेच थोडं थांबायचं. अंधारलं तर पायाला पाय आडवा देऊन मांड्या आवळायच्या. तरी नाही थांबलं तर लाज न बाळगता खाली बसायचं. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र हे घरगुती उपाय बाजूला ठेवून तडक दवाखाना.

लाज न बाळगता, हे लिहायला सोपं. आमच्या ह्यांना काठी घ्या म्हटलं की म्हणतात, "मी काय म्हातारा झालो?" वय सत्याहत्तर. आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. जपानी म्हण आहे 'कोरोबानु साकि नो त्सुए', पडण्याच्या आधीची काठी. आपल्या म्हणीत शहाणपण यायला आधी कुणाला तरी ठेच लागावी लागते. त्यांची म्हण ठेचेपर्यंत थांबतच नाही. इथल्या डॉक्टरांनी पडण्याच्या जागा लक्षात राहाव्यात म्हणून एक शब्दही जुळवला आहे: 'नुकाझुके'. मूळ अर्थ तांदळाच्या कोंड्यात मुरवलेलं लोणचं. त्यातला 'नु' ओल्या जागेचा, 'का' पायऱ्यांचा, आणि 'झुके' न आवरलेल्या पसाऱ्याचा. ज्येष्ठ माणूस लोणचं विसरत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलंय. आणि बागेत सकाळी साडेसहाला रेडिओवरची कवायत चालते, ती १९२८ पासूनची. आजचा मुख्य प्रकार १९५१चा. तीन-सव्वातीन मिनिटांचा खेळ. ऐंशीच्या आज्या टाचा उचलून हात वर फेकतात. जमीन ठोकून घट्ट करण्याचं काम इथे रोज सकाळी असं चालतं.

त्या अंधारीनंतर माझी सकाळ थोडी बदलली. बदलली म्हणण्यापेक्षा जुनी परत आली. लहानपणी आई अंथरुणातून थेट उतरू द्यायची नाही. उठून बसायचं, दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरायचे, श्लोक म्हणायचा. मग जमिनीला हात लावून, तुला पाय लागतोय, क्षमा कर, अशी विनवणी करणारा दुसरा श्लोक. तोवर पाय खाली टेकायचा नाही. नोकरी लागली, सकाळची सहाची एसटी धरायची असे, आणि ते दोन्ही श्लोक सुटले. ते रक्तदाबासाठी रचले होते, असं मी म्हणणार नाही. विज्ञानाची शिक्षिका आहे, पूर्वजांच्या खात्यावर नसलेली रक्कम जमा करणार नाही. पण दोन्ही सावकाश म्हटले तर जवळजवळ मिनिट जातं. ते मिनिट मात्र खरं आहे. मी घड्याळ लावून पाहिलं.

दुसऱ्या श्लोकात पृथ्वीला समुद्र नेसलेली म्हणून हाक मारली आहे. साताऱ्यात ते नुसतं म्हणून व्हायचं. समुद्र कुठे होता तिथे? इथे म्हणताना जीभ जरा अडते. ज्या जमिनीला हात लावते आहे, तिच्या अंगावरचं ते वस्त्र माझ्या हयातीतच बाजूला सारलंय. इथे कोळ्यांच्या होड्या फिरत होत्या, तेव्हा मी साताऱ्यात पाटीवर अक्षरं गिरवत होते.

काल पहाटे नात जागी झाली आणि शेजारी येऊन बसली. पाय गादीवरून खाली सोडायला जागा नाही, म्हणून दोघींनी ते नुसतेच पुढे पसरले आणि घोटे हलवले. ती जपानीत आकडे मोजत होती, मी मनात श्लोक म्हणत होते. तिचे वीस झाले, ती उठून पळाली. माझा दुसरा श्लोक चालू होता. तो पुरा केला, खुर्चीचा हात धरला, उभी राहिले आणि तिथेच थांबले. खिडकी जागेवर होती. तळव्यांखाली फरशी गार लागत होती. मग पडदा सारला.